डावीकडून तिसरा डबा

माझा धंदाच संशय घेण्याचा आहे. कुठं आग लागली, पाणी शिरलं, छप्पर कोसळलं की विमा कंपनी मला पाठवते. मग मी जळक्या मालात गुडघे टेकून बसते आणि लोक सांगतात ते खरं आहे का ते बघते. सतरा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे एखादी गोष्ट जुळत नसली की माझ्या पोटात दुखायला लागतं आणि ती जुळेपर्यंत थांबत नाही. नवरा म्हणतो, हा आजार आहे. त्याला गरज पडली की मात्र हाच आजार उपयोगाचा ठरतो.

या वेळी गरज त्याला स्वतःच्या आईसाठी पडली. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्यापासून सहा तासांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. गेले काही महिने नवऱ्याच्या कानावर एकेक गोष्ट येत होती. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी फोन करून सांगितलं, तुमच्या आई जिन्यात समोरून गेल्या, मी हात केला तरी ओळख दिली नाही. यानं मोबाइलवर काही लिहून पाठवलं तर उत्तर यायचं नाही. आणि संध्याकाळी काय जेवलीस असं विचारलं की ठरलेलं उत्तर, कोंबडी-भात. सोमवारी कोंबडी-भात, मंगळवारी कोंबडी-भात, बुधवारी विचारायचीही सोय नाही. काल काय केलं होतं तेच तिच्या लक्षात राहत नसणार, असं त्याचं म्हणणं. आईचं डोकं चालेनासं झालंय, या निष्कर्षावर तो येऊन बसला होता.

पुढचंही त्यानं ठरवून टाकलं होतं. ते घर बंद करायचं आणि आईला आमच्याकडे आणायचं, मधली खोली तिला द्यायची. सासूबाईंना हे सांगितलं की त्या म्हणायच्या, मला इथून हलवायचं असेल तर चौघं जण लागतील, दोघांचं काम नाही. तो त्यावर चिडायचा आणि मग त्याला रडू यायचं. वाईट मुलगा नाही तो. फक्त सहा तास लांबून काळजी करायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं होतं.

तेवढ्यात नेमकं त्याच शहरात एक कापडाचं गोदाम जळलं आणि तो दावा माझ्याकडे आला. चार दिवसांचं काम होतं. नवरा म्हणाला, आईकडेच उतर आणि नीट बघून ये. तू सांगशील ते मी मानेन. डोकं ठिकाणावर नसेल तर रविवारी गाडी घेऊन येतो. म्हणजे मला एकाच शहरात दोन पाहण्या करायच्या होत्या, आणि दुसरीच्या अहवालावर एका बाईचं घर राहणार की जाणार ते ठरणार होतं.

बुधवारी दुपारी मी जिना चढून गेले. बेल वाजवायच्या आत दार उघडलं. सासूबाईंनी ये म्हटलं आणि विचारलं, डावा पाय का ओढतेस? माझा नवा बूट टाचेला लागत होता. मी अजून आतही आले नव्हते. मी मनात नोंद केली: कान शाबूत आहेत, आणि जरा जास्तच शाबूत आहेत. दुसरी नोंद अशी की बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या कानाकडे बघत होत्या, जणू तिथं काही चिकटलंय. मला वाटलं, ही बया मला तपासायला आलीय हे त्यांना कळलंय आणि म्हणून त्या रागावल्यात.

संध्याकाळी त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं. स्वयंपाकघरात दोघी मावत नाहीत म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. तासाभरानं पातेलं बाहेर आलं. कोंबडी-भात. कांद्यात परतलेली कोंबडी, तिच्यावर तांदूळ, गाजराचे तुकडे, मिरी, लसूण, वर लिंबू, सगळं एकाच पातेल्यात शिजलेलं. शीत न् शीत सुटं आणि बुडाशी जराशी खरपुडी धरलेली. मी दोनदा वाढून घेतलं. डोकं न चालणाऱ्या बाईच्या हातचं जेवण असं नसतं. पण अहवालात जिभेचं मत लिहून चालत नाही.

म्हणून जेवताना मी गप्पांच्या नावाखाली उलटतपासणी सुरू केली. सासूबाई चौतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होत्या, त्यामुळे माझं काय चाललंय ते त्यांनी पहिल्याच प्रश्नाला ओळखलं असणार. तरी त्या सगळ्याची उत्तरं देत गेल्या. माझ्या लग्नात मी चपला हरवल्या होत्या आणि कुणाच्या घालून घरी आले, हे मीही विसरले होते. एक न्यायाधीश प्रत्येक वाक्याच्या शेवटी खोकायचे आणि एका नवख्या मुलीनं तो खोकलाही टाइप केला, त्या निकालाची तारीखसुद्धा त्यांना पाठ होती. मुलाला शाळेत कोणत्या इयत्तेत कोणत्या विषयात किती मार्क पडले ते त्यांनी न विचारता सांगितलं. ते ऐकून मला नवऱ्याबद्दल थोडी नवी माहिती मिळाली. डोकं तर माझ्याहून चांगलं चालत होतं. मग घोडं अडलं कुठं?

गुरुवारी पुन्हा कोंबडी-भात. मी सरळच विचारलं, रोज हेच का? त्यांनी विचारलं, आवडत नाही का? मी म्हटलं, आवडतं. मग प्रश्न कसला, असं म्हणून त्यांनी ते प्रकरण निकाली काढलं. चौतीस वर्षं वकिलांना ऐकलेल्या बाईकडून माहिती काढणं सोपं नाही.

पण त्या दिवशी मी उंबऱ्यात उभी राहून त्यांना रांधताना पाहिलं होतं. सात वाजत आले होते, आत अंधारत होतं, तरी त्यांनी दिवा लावला नव्हता. मी लावला तर म्हणाल्या, हो, लाव की. मला वाटलं, काटकसर. हातांत घाई नव्हती आणि चाचपडणंही नव्हतं. फळीवर स्टीलचे लहानमोठे, पण एकाच घाटाचे डबे ओळीनं मांडलेले होते आणि त्यांचा हात वर जायचा, मान वर न करता, आणि हवा तो डबा घेऊन खाली यायचा. चिकनवाल्याकडून त्या नेमके आठ तुकडे करून आणतात. ते आठ त्यांनी पातेल्याच्या दांडीपासून सुरुवात करून गोल मांडले, घड्याळाचे आकडे मांडावेत तसे, आणि त्याच क्रमानं एकेक उलटला. कांदा टाकल्यावर त्या वाकून ऐकत होत्या. कांदा आधी ओरडतो आणि मग समजूत पटल्यासारखा गप्प होतो, तेव्हा पुढचं घालायचं, असं त्यांनी मला सांगितलं. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी, झाकण, आणि मग स्टुलावर बसून पुन्हा ऐकणं. बुडबुड थांबून बारीक तडतड सुरू झाली की गॅस बंद. झाकण मधे एकदाही उघडलं नाही. मला तर दर दोन मिनिटांनी ते उघडून बघावंसं वाटत होतं.

हे सगळं डोळ्यांसमोर घडूनही मला उमगलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी वहीत लिहिलं: पद्धतशीर, शांत, काटकसरी, एकाच पदार्थाचा हट्ट, कारण अज्ञात.

शुक्रवारी गोदामातलं काम दुपारीच आटोपलं. सासूबाई चिकन आणायला गेल्या होत्या. रिकामं बसणं मला जमत नाही, आणि तीन दिवस या बाईचं आयतं खातेय ही टोचणी होतीच. मी स्वयंपाकघराची फळी आवरायला घेतली. सगळे डबे खाली काढले, घासले, आतले चमचे धुतले, फळी पुसली. दोन डब्यांच्या झाकणांवर वाळलेल्या डिंकासारखा काहीतरी थेंब चिकटला होता, तो नखानं खरवडून काढला. मग मोठे डबे मागे, छोटे पुढे, असे उंचीप्रमाणे सुरेख लावून ठेवले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी मागे सरून माझ्या कामाकडे पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मी बाहेर अहवाल लिहीत बसले होते. आतून कांद्याचा आवाज आला, तो शांत झाला. मग एकदोनदा डबा ठेवल्याचा, पुन्हा उचलल्याचा आवाज आला, जो आदल्या दिवशी आला नव्हता. नंतर झाकण पडलं आणि नेहमीसारखी वेळेवर जेवणाची हाक आली.

पहिला घास मी तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला. भात गोड होता. मीठ नव्हतंच, त्याच्या जागी दोन चमचे साखर होती. समोर सासूबाईंनीही घास घेतला होता. त्यांचा हात ताटात थांबला. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला आणि मला एकदम त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"फळी कुणी आवरली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मी. त्यांनी मान हलवली, माझ्या कानाच्या दिशेनं. तेव्हा माझ्या पोटातलं दुखणं थांबलं, कारण सगळं जुळलं. न लावलेला दिवा, गोल मांडलेले तुकडे, जिन्यातली शिवणवाली, न आलेली उत्तरं, आणि झाकणावरचे ते दोन थेंब, जे डिंकच होते आणि त्यांनी मुद्दाम लावलेले होते. जुळल्याचा आनंद मात्र झाला नाही. मी विचारलं, "आई, मी चमचा कुठल्या हातात धरलाय?"

"मला तपासू नकोस," त्या म्हणाल्या. मग ताट बाजूला सारून, "कडा दिसतात. मधलं जातं. तुझे कान दिसतात, तोंडाच्या जागी धूर असतो."

वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टरकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, कडा राहतील. घरी येऊन त्यांनी फळीवर डबे लावले ते टाइपरायटरसारखे. बोटांना रोज लागणारं मधोमध, क्वचित लागणारं कडेला. नवीन यंत्रांवर दोन कळांना बारीक उंचवटा असतो, न बघता बोट जागेवर यावं म्हणून. तसे डिंकाचे दोन थेंब, एक तांदळावर आणि एक मिठावर, मीठ डावीकडून तिसरं. बाकी सगळं तिथून मोजायचं. आज थेंब सापडला नाही तेव्हा त्यांनी मोजून तिसरा डबा घेतला. चमचा तसाच, डबा तसाच. जागेवर त्यांचा विश्वास होता, म्हणून चाखून पाहिलं नाही.

आणि रोज कोंबडी-भातच का, तेही कळलं. "दोन शेगड्या पेटल्या की कुठली कुठं ते राहत नाही लक्षात. एकच पेटवायची. एक पातेलं, एक झाकण. त्यात भाजी आली, भात आला, कोंबडी आली. अजून काय पाहिजे माणसाला?"

मग त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. याआधी त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. म्हणाल्या, त्याला सांगू नकोस. लोक म्हणतात म्हातारी गर्विष्ठ झालीय, म्हणू देत, गर्विष्ठ माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही. मला त्यांची इतकी दया आली की मी हो म्हणणारच होते. पण सतरा वर्षांत मी एकही खोटा अहवाल दिलेला नाही. आणि दुसरं म्हणजे, त्यांना एक गोष्ट ठाऊकच नव्हती.

"आई, तो तुम्हाला गर्विष्ठ समजत नाही. तुमचं डोकं गेलंय असं समजतोय."

त्या पाणी प्यायल्या आणि पेला त्यांनी बरोबर होता त्या जागी ठेवला.

"माझं डोकं?" त्या म्हणाल्या. "ज्याला बारापर्यंतचे पाढे मी मारून शिकवले, तो म्हणतो माझं डोकं गेलं?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "लाव फोन."

फोन मी टेबलावर मधे ठेवला. त्यांनी त्याला कोर्टात जबाब द्यावा तसं सगळं सांगितलं, कधीपासून, कोणता डोळा आधी, डॉक्टर काय म्हणाले. नंतर नाक ओढल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, मग तर तू अजिबातच एकटी राहायचं नाहीस. रविवारी येतो, सामान बांधून ठेव. सासूबाईंनी डोळे मिटले. जे टाळण्यासाठी वर्षभर लपवलं ते खरं बोलल्यानं पाच मिनिटांत घडलं होतं, आणि खरं बोलायला मीच लावलं होतं.

"तू म्हणाला होतास, मी सांगेन ते मानशील," मी म्हटलं. "मग ऐक. या घरात वर्षभरात एकच अपघात झाला. आज झाला. आणि तो मी केला."

तो म्हणाला, आत्ता डोक्याला ताप देऊ नकोस. आणि फोन ठेवला.

शनिवारी मी गोदामाला सुट्टी दिली आणि खरी पाहणी केली. आधी सासूबाईंनी सांगितलं तसे डबे परत लावले आणि त्यांच्या देखरेखीखाली डिंकाचे थेंब टाकले. मग वही घेऊन स्टुलावर बसले आणि त्यांना सकाळपासून रांधताना, चहा करताना, जिना उतरताना, रस्ता ओलांडताना बघितलं. मी जळकी घरं पाहिलेली आहेत. ती बहुतेक ज्यांना नीट दिसतं अशा माणसांनी जाळलेली असतात, फोनवर बोलता बोलता, दूध विसरून. सासूबाई बाह्या पिन लावून वर करतात, ज्योतीचा आवाज येईपर्यंत बटणावरचा हात काढत नाहीत, आणि शेगडी पेटलेली असताना स्वयंपाकघर सोडत नाहीत. मला धोक्याची एक गोष्ट सापडली. पुसायचं फडकं शेगडीच्या फार जवळ टांगलेलं होतं. ते मी त्यांना विचारून दुसरीकडे हलवलं, आणि त्यांनी तीनदा हात नेऊन नवी जागा पाठ केली. दुपारी त्या आपणहून खाली गेल्या आणि शिवणवाल्या बाईंना डोळ्यांचं सांगून आल्या. बाई वर येऊन बराच वेळ रडल्या आणि रोज सकाळी दार वाजवायचं कबूल करून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, त्यापेक्षा गर्विष्ठ होते ते बरं होतं, पण त्यांना बरं वाटलेलं मला दिसत होतं.

रविवारी नवरा दुपारी चारला आला. गाडीत चार रिकामी खोकी होती, ती त्यानं वर आणली नाहीत, पण आणली आहेत हे सांगितलं. आल्या आल्या त्यानं आईला मिठी मारली आणि तिच्या चेहऱ्यासमोर हात हलवून पाहिला. सासूबाईंनी तो हात धरून खाली ठेवला.

संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना उंबऱ्यात उभं केलं आणि रांधायला लागल्या. तो दोनदा मदतीला पुढे झाला, दोनदा मी त्याचा शर्ट मागून धरला. आठ तुकडे गोल मांडले गेले. कांदा ओरडला आणि गप्प झाला. हात वर गेला, तिसऱ्या डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरला, दोन चमचे पडले. झाकण लागलं. त्यानं हळूच विचारलं, शिजलं का ते बघायला नको? सासूबाई म्हणाल्या, बघत बसलं की शिजत नाही. त्यानंतर आम्ही तिघं ते पातेलं ऐकत उभे होतो, आणि बुडबुड थांबून तडतड सुरू झाली ती त्याला माझ्या आधी कळली.

जेवताना त्यानं तीनदा वाढून घेतलं. मला वाटलं, आता खोकी आणायला खाली जाईल. तो उठला, ताटं गोळा केली, आत जाऊन घासायला लागला. आम्ही दोघी बाहेर बसून भांड्यांचे आवाज ऐकत होतो. मग आवाज थांबला. तो धुतलेली भातवाढी हातात घेऊन दारात आला. ती कुठंही ठेवता आली असती, ओट्यावर, टोपलीत, ताटांच्या ढिगात.

"आई," तो म्हणाला, "ही कुठं ठेवायची?"

सासूबाईंनी तोंड त्याच्याकडे वळवलं, नेहमीसारखं थोडं बाजूला.

"खिडकीकडून दुसरा खिळा," त्या म्हणाल्या.

त्यानं बोट लावून खिळे मोजले आणि भातवाढी दुसऱ्यावर अडकवली.